निघायची वेळ सांगणारं दुकान

"ज्योती, दुकान जातंय," नाडकर्णी सर म्हणाले.

सकाळचे नऊ वाजले होते. मी काउंटरवर एका बाईंच्या स्टोलचा टॅग कापत होते. आमच्या दुकानातली कात्री साखळीने टेबलाला बांधलेली असते. सिक्युरिटी चेकच्या आत सुटी कात्री ठेवू देत नाहीत, त्यामुळे कापड कात्रीपाशी न्यावं लागतं. बाई पिशवी घेऊन गेल्या. मग मी सरांकडे वळले.

"जातंय म्हणजे?"

"म्हणजे बंद. आठ आठवडे आहेत. शेजारच्या चॉकलेटवाल्यांना ही जागा हवीय. त्यांना त्यांचं दुकान पुरत नाही."

"आणि आम्ही?"

"तुला पवईच्या मॉलमध्ये टाकतो. रेश्मालाही कुठेतरी बसवू. पेडणेकरांचं कठीण आहे. वय झालंय, हात स्लो आहे. कोण घेणार?"

पेडणेकर काका चार पावलांवर शर्टांच्या घड्या घालत होते. त्यांनी ऐकलं. त्यांचा हात थांबला नाही, पण एकाच शर्टाची घडी त्यांनी दोनदा घातली.

मी ज्योती साळवे. घाटकोपरला राहते. विमानतळावरच्या दुकानांत काम करतेय त्याला बारा वर्षं झाली. सुरुवातीला परफ्यूमच्या काउंटरवर होते. दिवसभर लोकांच्या मनगटांवर फवारे मारायचे आणि घरी गेल्यावर आमटीचाही वास यायचा नाही. मग चपला, मग खेळणी, आणि शेवटी हे दुकान. स्टोअर मॅनेजर म्हणून माझं पहिलंच. देशांतर्गत विमानांच्या डिपार्चर लाउंजमध्ये, म्हणजे सिक्युरिटी संपल्यावर माणूस जिथे विमानाची वाट बघत बसतो तिथे, हातमागाच्या कापडाचं. दुपट्टे, स्टोल, शर्ट, पैठणीच्या काठाच्या पर्स. कंपनीचं ऑफिस अंधेरी एमआयडीसीत. नाडकर्णी सर आमचे एरिया मॅनेजर. माणूस वाईट नाही. फक्त आकड्यांशिवाय त्यांना दुसरी भाषा येत नाही.

"माल चांगला आहे, सर," मी म्हटलं.

"माल चांगला आहे गं. घेतंय कोण? तुझं कन्व्हर्जन बघितलंस?"

कन्व्हर्जन म्हणजे दुकानात शंभर माणसं शिरली तर त्यातली किती काहीतरी विकत घेऊन बाहेर पडतात. आमच्याकडे ती जेमतेम पाच होती. शेजारी चॉकलेटच्या दुकानात त्याच्या कितीतरी पट. त्यांच्यासमोर उभं राहून मला लाज वाटायची. गर्दी आमच्याकडेही होती. लोक आत यायचे, दुपट्ट्यावरून हात फिरवायचे, "किती छान आहे" म्हणायचे आणि जायचे.

"मला हे आठ आठवडे वापरू द्या, सर," मी म्हटलं.

"वापर. तुला कोण अडवतंय? मी फक्त सांगायला आलो."

पहिले दोन आठवडे मी सगळे करतात तेच केलं. दारात पुतळा उभा केला. लाल अक्षरांत डिस्काउंटचा बोर्ड लावला. दिवे वाढवून घेतले. रेश्माला सांगितलं, आत येणाऱ्या प्रत्येकाला हसून विचारायचं, "मे आय हेल्प यू?" रेश्मा साकीनाक्याची, पंचविशीतली, बोलायला पक्की. तिने मनापासून विचारलं. परिणाम असा झाला की आत येणारे वाढले आणि घेणारे होते तेवढेच राहिले. म्हणजे कन्व्हर्जन आणखी खाली गेलं.

"मॅडम, वाट लागली आपली," रेश्मा म्हणाली.

तिसऱ्या आठवड्यात मी जेवणाच्या सुट्टीत दुकानासमोरच्या खुर्च्यांवर जाऊन बसायला लागले. गळ्यात पास होताच, त्यामुळे कोणी हटकलं नाही. डबा मांडीवर आणि नजर आपल्याच दुकानावर. आतून जे बारा वर्षं दिसलं नाही ते बाहेरून चार दिवसांत दिसलं.

एक माणूस आत गेला. शर्ट उचलला. अंगाला लावून आरशात बघितलं. त्याला आवडला होता, हे मला इतक्या लांबून कळत होतं. मग त्याची मान वळली. त्याने डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं. मग शर्ट ठेवला आणि बाहेर आला. खांबाला वळसा घालून पलीकडे गेला. तिथे विमानांच्या वेळांचा मोठा स्क्रीन आहे. त्याने आपलं विमान शोधलं, गेट नंबर बघितला आणि तसाच गेटकडे निघून गेला.

पुढची बाई आली. तेच. स्टोल, आरसा, मान, खांब, गेट. तिच्या विमानाला अजून चांगला तासभर होता. मी उठून स्क्रीनवर बघून आले.

त्या चार दिवसांत मी मोजत गेले. स्क्रीन बघायला बाहेर पडलेल्यांपैकी परत येणारा एखादाच. आमचे भाव कोणाला टोचत नव्हते. मालही आवडत होता. लोकांना भीती वाटत होती. आमच्या टर्मिनलवर प्रत्येक विमानाची घोषणा होत नाही. शांतता असते, स्क्रीनवरच बघायचं. आणि आमच्या दुकानातून तो स्क्रीन दिसत नव्हता, मध्ये खांब होता. चॉकलेट दोन मिनिटांत उचलता येतं. कापड बघायला पंधरा मिनिटं लागतात. ती पंधरा मिनिटं आपल्याकडे आहेत की नाहीत, हेच माणसाला कळत नव्हतं.

आमच्या धंद्यात याला ड्वेल टाइम म्हणतात. सिक्युरिटी संपल्यापासून बोर्डिंग सुरू होईपर्यंतचा वेळ. सगळी दुकानं त्या वेळावर जगतात, आणि तो किती उरलाय हे आम्ही कोणाला सांगत नव्हतो.

हे कळल्याच्या दुपारीच आणखी एक गोष्ट ध्यानात आली. पेडणेकर काकांची गिऱ्हाइकं मान वळवत नव्हती.

काकांनी मुलुंडच्या एका कापड दुकानात सव्वीस वर्षं काउंटर सांभाळला. ती इमारत रिडेव्हलपमेंटला गेली, मालकाने धंदा गुंडाळला आणि चोपन्नाव्या वर्षी काका आमच्याकडे आले. धाकटी मुलगी नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला. कंपनीच्या हिशेबात ते स्लो, कारण तासाला चारच गिऱ्हाइकं करायचे. पण त्या चारांतली दोन घेऊन जायची. हे कोणी बघितलंच नव्हतं. मीसुद्धा.

मी त्यांच्या मागे जाऊन उभी राहिले. एक वयस्क गृहस्थ आत आले. काकांनी कापडाला हातही लावला नाही.

"कुठे चाललात, साहेब?"

"इंदूर."

"दोन-पाचचं ना? गेट इथून पाच मिनिटांवर. बोर्डिंग सुरू व्हायला अजून अर्धा तास. बसा तुम्ही. वेळ झाली की मी उठवतो."

गृहस्थ बसले. खरंच बसले. वीस मिनिटांत त्यांनी दोन शर्ट आणि बायकोला एक दुपट्टा घेतला. काकांनी घड्याळ बघून सांगितलं, "चला साहेब, आता निघा." ते हात जोडून गेले.

"काका, हे तुम्हाला कोणी शिकवलं?"

"शिकवायचं काय त्यात?" काका म्हणाले. रंगात आले की ते मालवणीवर घसरतात. "गिऱ्हाईक घाईत असला तर आधी तेच्या जिवाक शांती देवची. कापड मगे दाखवचा."

रोज ड्यूटीवर येताना ते खांबापलीकडे उभे राहून स्क्रीनवरची विमानं पाठ करायचे. दर अर्ध्या तासाने पाणी प्यायला म्हणून उठायचे आणि परत एकदा बघून यायचे. आम्हाला वाटायचं, काकांना तहान फार.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही तिघांनी तेच सुरू केलं. "मे आय हेल्प यू" बंद. पहिला प्रश्न, कुठे चाललात? दुसरा, किती वाजता? आठवड्याच्या शेवटी आकडा हलला. थोडाच, पण हलला.

मग माझ्या अंगात आलं. मी टर्मिनलच्या ऑफिसात अर्ज केला की दुकानाच्या आत विमानांचा एक स्क्रीन लावून द्या. तिथला क्लार्क सज्जन होता. "मिळेल," तो म्हणाला, "केबल टाकायची म्हणजे सिक्युरिटीची मंजुरी, इंजिनीअरिंगची मंजुरी, कमर्शियलची मंजुरी. चार-पाच महिने धरा."

माझ्याकडे साडेचार आठवडे होते.

म्हणून मी एक पांढरा फळा आणला. त्यावर पुढच्या दोन तासांतली विमानं, त्यांची गेटं आणि इथून चालत किती मिनिटं. ती मिनिटं मी स्वतः चालून मोजली. माझ्या चालीने नाही, गुडघे दुखणाऱ्या बाईच्या चालीने. रेश्माने दर दहा मिनिटांनी स्क्रीन बघून फळा पुसून लिहायचा.

फळा झकास चालला. लोक नुसता फळा बघायला आत यायचे आणि आत आले की रेंगाळायचे. आकडा इतका वर गेला की नाडकर्णी सरांनी फोन करून विचारलं, "बिलाचं मशीन बिघडलंय का?"

नवव्या दिवशी गर्दीत रेश्माला फळा बदलायला वेळ झाला नाही. लखनौच्या विमानाचं गेट बदललं होतं आणि आमच्या फळ्यावर जुनंच राहिलं. लॅपटॉपची बॅग घेतलेला एक माणूस आमच्या भरवशावर शर्ट बघत बसला, मग जुन्या गेटला गेला, तिथून धावत उलट्या टोकाला. विमान मिळालं, पण जेमतेम. त्याने तिथूनच तक्रार टाकली.

तासाभरात डिसूझा मॅडम आल्या. टर्मिनलच्या ड्यूटी मॅनेजर. चकाल्याच्या ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईच्या मूळच्या ख्रिस्ती, जन्म तिथलाच. मराठी माझ्यापेक्षा फास्ट.

"हा फळा कोणाच्या परमिशनने?"

"कोणाच्याच नाही, मॅडम. माझ्या डोक्याने."

"डोकं चांगलं आहे तुझं. पण माझ्याकडे गेट बदललं की सगळे स्क्रीन एका सेकंदात बदलतात. तुझी ही मुलगी बदलते का एका सेकंदात?"

"नाही."

"त्या माणसाचं विमान गेलं असतं तर? घरी कोणी आजारी असतं, इंटरव्ह्यू असता, तर? काय शर्ट देणार होतीस त्याला?"

त्यांचं बरोबर होतं. रेश्मा रडायला लागली. मी म्हटलं, "चूक हिची नाही, मॅडम. एकटीवर टाकलं ते मी." आणि फळा मीच भिंतीवरून उतरवला.

मॅडम जायला निघाल्या तेव्हा मी विचारलं, "तोंडी सांगितलं तर चालेल?"

त्या थांबल्या. "काय सांगणार?"

"स्क्रीन बघून येणार आणि ज्याचं त्याला सांगणार. तुमचं विमान वेळेवर आहे, बदललंय, निघा. लिहिणार काही नाही. आणि प्रत्येकाला म्हणणार की जाताना स्वतः एकदा स्क्रीन बघा."

"बोलायला कोणाला बंदी आहे इथे? बोल. पण परत तक्रार आली तर मी दुकानात येणार नाही, सरळ तुझ्या कंपनीत जाईन."

पुढचे दोन आठवडे आम्ही तिघांनी पाय मोडेपर्यंत काम केलं. एकाने कायम दुकानाच्या उंबऱ्यावर, खांबाच्या कडेला उभं राहायचं. तिथून मान काढली की स्क्रीन दिसतो. बाकी दोघांनी गिऱ्हाइकं बघायची. आत कोण कोणत्या विमानाचं आहे हे तिघांनाही माहीत पाहिजे. उंबऱ्यावरची ड्यूटी तासाने बदलायची. माझा नवरा म्हणाला, "झोपेत गेट नंबर बडबडतेस."

फळ्याएवढी विक्री होत नव्हती, पण आधीपेक्षा बरी होती. तरी वरचा निर्णय बदलला नव्हता. सातव्या आठवड्यात नाडकर्णी सर परत आले. सोबत चॉकलेटवाल्यांचा एक माणूस, हातात टेप. तो भिंतींची मापं घ्यायला लागला. आमच्या समोर. शर्टांचे हॅंगर सरकवून.

"सॉरी गं," सर हळूच म्हणाले. "आकडे सुधारलेत, मी वर सांगितलंही. पण उशीर झाला."

दुपारचे बारा वाजून गेले होते. दुकानात बोरिवलीच्या एक काकू होत्या, सोबत तीन बायका. पुतण्याचं लग्न, नागपूरला. सगळे मिळून नऊ जण एकाच विमानाने चालले होते, एक-चाळीसचं. विहीणबाईंकडच्या मानपानासाठी काकूंनी सहा दुपट्टे काढले होते आणि सातव्यावर वाद चालला होता. एवढं मोठं गिऱ्हाईक महिन्यात मिळालं नव्हतं. सरांचेही डोळे तिकडेच होते.

उंबऱ्यावर पेडणेकर काका होते. एक वाजायला दहा मिनिटं असताना त्यांनी आत बघून हाक दिली.

"मॅडम! नागपूर खाली गेला!"

सरांना काही कळलं नाही. मला कळलं. नागपूरचं विमान आधी वरच्या गेटला होतं, दुकानापासून चार मिनिटांवर. आता ते खालच्या मजल्यावरच्या बस गेटला हलवलं होतं. तिथून बसने विमानापर्यंत नेतात. लिफ्ट, लांब कॉरिडॉर, परत वळसा. काकूंच्या चालीने पंधरा मिनिटं. आणि तिकिटावर लिहिलेली वेळ विमान सुटायची असते. गेट त्याच्या वीस-पंचवीस मिनिटं आधीच बंद होतं. नवख्या प्रवाशाला हे माहीत नसतं.

"काकू, तुमचं गेट बदललंय. खाली आहे, लांब. बाकीचे पाच जण कुठे आहेत?"

"असतील इथेच. कॉफी पीत असतील. का गं? वरच्या गेटपाशी जमायचं ठरलंय आमचं, एक वाजता."

एक वाजता, वरच्या गेटपाशी. म्हणजे नऊच्या नऊ जण चुकीच्या ठिकाणी.

"काकू, कपडे इथेच ठेवा. आता निघा."

"अगं, पण बिल तरी कर!"

"ज्योती," सर माझ्या कानाशी आले, "बिल दोन मिनिटांचं काम आहे. होऊ दे."

"सहा टॅग, एकच कात्री, पॅकिंग, कार्ड. दहा मिनिटं जातील, सर. आणि पाच माणसं शोधायचीत."

"सात दुपट्टे आहेत!"

"सर, नाही."

मी बारा वर्षांत बॉसला एवढ्या जोरात नाही म्हटलं नव्हतं. चॉकलेटवाल्याचा टेप हातातच राहिला.

"काका, तुम्ही या चौघींना घेऊन खाली जा. मागच्या लिफ्टने. रेश्मा, तू फूड कोर्ट. काकू, बाकीच्यांना फोन लावा. सांगा, जिथे असतील तिथून हलू नका, निळ्या ओढणीची मुलगी न्यायला येतेय."

काका निघालेसुद्धा. काकूंची जड बॅग त्यांनी स्वतःकडे घेतली होती. ज्यांना स्लो म्हणत होते ते काका चार बायकांना घेऊन असे काही सुटले की मी बघत राहिले. कुठली लिफ्ट गर्दीची, कुठली मोकळी, हे त्यांच्याइतकं कोणाला पाठ नव्हतं.

रेश्माला कॉफीपाशी दोघं मिळाले. एक आजोबा आणि त्यांचा नातू वॉशरूमच्या बाहेर मिळाले. आठ झाले. नववा फोन उचलेना.

"नववा कोण?" मी पेडणेकर काकांना फोन लावून विचारलं.

"अगं, अनिकेत!" पलीकडून काकूंचा आवाज आला. "नवरदेव!"

मी दुकानाकडे बघितलं. सर काउंटरपाशी उभे होते. "सर, जरा दुकान बघा," मी म्हणाले आणि पळाले.

पुस्तकांचं दुकान, नाही. मोबाइलच्या वस्तूंचं दुकान, नाही. तेवढ्यात खिडकीपाशी पैसे टाकून चालणाऱ्या मसाज खुर्च्या दिसल्या. तिसऱ्या खुर्चीत एक तरुण मुलगा डोळे मिटून थरथरत होता. कानात हेडफोन, बूट काढून खाली ठेवलेले, तळहातावर कोणीतरी आधीच हौसेने काढलेलं मेंदीचं लहानसं फूल.

मी हेडफोन उपसला. "अनिकेत?"

"हो... कोण?"

"लग्न करायचंय ना? उठा!"

तो बूट हातात घेऊन माझ्याबरोबर पळाला. मोज्यांवर. चकचकीत फरशीवरून दोनदा घसरला. लिफ्टची वाट न बघता आम्ही जिन्याने उतरलो. कॉरिडॉर संपेपर्यंत आम्ही बोलायलाही थांबलो नाही.

बस गेटवर एअरलाइनची मुलगी वॉकी-टॉकीवर बोलत होती. शेजारी डिसूझा मॅडम, हातात नावांची यादी. नऊ पॅसेंजर अजून बसमध्ये चढले नव्हते. प्रवासी आला नाही तर त्याचं सामान विमानाच्या पोटातून बाहेर काढावं लागतं, सुरक्षेचा नियम आहे तो. नऊ जणांच्या लग्नाच्या बॅगा शोधून काढायच्या म्हणजे विमान अर्धा तास तरी जागेवर, आणि त्यामागची सगळी विमानं खोळंबणार. मॅडम तोच निर्णय घ्यायच्या बेतात होत्या.

पेडणेकर काका चार बायकांना घेऊन आधीच पोचले होते आणि त्या मुलीला शांतपणे सांगत होते, "बाई, सगळे येतायत. मी सांगतोय ना."

रेश्मा चौघांना घेऊन आली. मग मी आणि नवरदेव.

मुलीने पास स्कॅन केले. सात, आठ, नऊ. मशीन नवव्यांदा वाजलं आणि तिने गेट बंद केलं. बस हलली तेव्हा काकू आतून काहीतरी ओरडत होत्या. काचेमुळे ऐकू आलं नाही, पण हात जोडलेले दिसले. नवरदेव एका पायात बूट चढवत होता.

डिसूझा मॅडम माझ्याकडे वळल्या. "तू इथे काय करतेस? दुकान वर आहे तुझं."

"गिऱ्हाईक सोडायला आले, मॅडम."

"काय घेतलं त्यांनी?"

"काही नाही. बिल व्हायच्या आधीच पाठवलं."

त्यांनी यादीवरच्या नऊ नावांवर एक सरळ रेघ मारली आणि माझ्या खांद्यावर थाप दिली. ती थाप मी नवऱ्याला दोनदा वर्णन करून सांगितलीय.

आम्ही तिघं वर आलो तेव्हा नाडकर्णी सर काउंटरच्या मागे साखळीच्या कात्रीशी झटापट करत होते. समोर तीन गिऱ्हाइकं.

"आलीस? हे घे, कापलंच जात नाहीये. गेले सगळे?"

"नऊच्या नऊ."

"तू पळालीस ना, ते ह्या सगळ्यांनी बघितलं," सर म्हणाले. "एकही बाहेर गेला नाही. उलट विचारतायत, आमचंही विमान बघाल का?"

रांगेतला एक माणूस म्हणाला, "मॅडम, माझं कोचीचं आहे. मी निवांत शर्ट बघतोय हां. वेळ झाली की सांगा."

सर त्या दिवशी ऑफिसला परत गेले नाहीत. चार वाजेपर्यंत खांबाजवळ उभे राहून बघत होते. लोक येतात, विमान सांगतात आणि खरोखर थांबतात. जाताना त्यांनी चॉकलेटवाल्यांच्या माणसाला फोन लावला. मापांची घाई करू नका म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी नागपूरहून काकूंचा फोन आला. सात दुपट्टे आणि आणखी पाच, आजच्या आज कुरिअर करा. एवढंच नाही, त्यांनी आमच्या कंपनीला आणि टर्मिनलच्या ऑफिसला लांबलचक मेल लिहिला होता. त्यात पेडणेकर काकांच्या नावाचं स्पेलिंग तीन वेळा चुकलं होतं, पण भावना पोचली. आमच्या वरच्या साहेबांनी तो मेल आणि सात आठवड्यांचे आकडे एकत्र बघितले. दुकान राहिलं. चॉकलेटवाल्यांना पलीकडच्या टोकाला दुसरी जागा मिळाली.

आणि स्क्रीन. चार-पाच महिने लागणार होते तो आठ दिवसांत लागला. इंजिनीअर केबल टाकायला आले तेव्हा डिसूझा मॅडम स्वतः उभ्या होत्या. "शर्टांच्या वर लावा," त्या म्हणाल्या, "आणि आरशात दिसेल असा. बायका आरशातच बघतात." ते मला सुचलं नव्हतं. आता आरशात स्टोल आणि स्टोलच्या वर विमान, दोन्ही एकदम दिसतं. शंभरातली पाच माणसं घ्यायची, ती त्या दिवाळीपर्यंत पंधराच्या पुढे गेली. नाडकर्णी सर मीटिंगमध्ये हा आकडा स्वतःच्या मोबाइलचा पासवर्ड असल्यासारखा पाठ म्हणतात.

पेडणेकर काका घरी बसले नाहीत. कंपनीने त्यांना दुसऱ्या शहरांतल्या विमानतळांवरच्या स्टाफला शिकवायला नेमलं. रोज इतक्या माणसांची विमानं सांभाळणारा हा माणूस तोवर एकदाही विमानात बसला नव्हता. पहिलं ट्रेनिंग हैदराबादला होतं. त्या सकाळी ते इस्त्रीचा शर्ट घालून प्रवासी म्हणून आमच्या दुकानात आले. रेश्माने विचारलं, "कुठे चाललात, साहेब?" काकांनी बोर्डिंग पास पुढे केला. रेश्माने वेळ सांगितली आणि ते ताठ मानेने गेटकडे गेले.

नवीन मुली कामावर आल्या की मी त्यांना आधी कापड शिकवत नाही. "आता निघा" म्हणायला शिकवते. बहुतेकींची जीभ अडखळते. हातातलं गिऱ्हाईक स्वतःहून घालवायचं म्हणजे काय, असं वाटतं. मी सांगते, घालवायचं. बिल झालेलं असो वा नसो. आणि दहा मिनिटं आधी घालवायचं, कारण लिफ्ट बंद असू शकते.